तुपाला रवा कोण देतं?

बालमित्रांनो, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा हातानं कुस्करायचा, त्यावर वरण ओतायचं आणि वरून तुपाची धार सोडायची! आपल्या वाशीम भागातल्या पंगतीची खरी गंमत यातच आहे. नुसतं वाचूनही तोंडाला पाणी सुटलं ना? पण जरा थांबा. आज आपण तूप खाणार नाही, आज आपण तूप वाचणार आहोत.

तुपाची बरणी उघडून तुम्ही नीट बघितलं आहे का? कधी तूप छान रवाळ असतं. बोटावर घेतलं तर बारीक साबुदाण्यासारखे दाणे लागतात. कधी तेच तूप लोण्यासारखं मऊ असतं, त्यात दाणा शोधूनही सापडत नाही. कधी खाली दाणे आणि वर पिवळं पातळ तेल, असे दोन थर दिसतात. उन्हाळ्यात तर सगळ्या बरणीचं पाणी झालेलं असतं.

घरातली मोठी माणसं मग एक नियम सांगतात : "रवा आहे ना? मग तूप अस्सल!" आणि याच नियमाच्या जोरावर आठवडी बाजारात असं बोलणं ऐकू येतं :

"काहो मावशी, या तुपाले रवा काऊन नाही?"

"माय, घरच्या म्हशीचं हाय. राती कढवलं, थंडी लय होती, पटकन थिजलं."

"नाही बाप्पा, काहीतरी मिसळलं असन याच्यात!"

गिऱ्हाईक पुढे निघून जातं. मावशीचं तूप तसंच राहतं, आणि तूप राहिलं त्यापेक्षा जास्त लागतो तो संशय. आता सांगा, या भांडणात खरं कोण? निकाल द्यायचा असेल तर आधी पुरावा पाहिजे. चला, पुरावा गोळा करू.

तूप म्हणजे एक पदार्थ नव्हे

साखर म्हणजे एकच पदार्थ. मीठ म्हणजेही एकच पदार्थ. तुपाचं मात्र तसं नाही. तूप म्हणजे अनेक प्रकारच्या मेदांची मोठी जत्रा आहे.

मेदाचा एक रेणू कसा असतो? एक लहानशी मूठ आणि तिला लावलेल्या तीन लांब शेपट्या, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. मूठ म्हणजे ग्लिसरॉल. शेपट्या म्हणजे मेदाम्लं. काही शेपट्या आखूड, काही लांब. काही सरळ काठीसारख्या, तर काही मध्येच वाकलेल्या. दुधाच्या चरबीत शास्त्रज्ञांना अशी चारशेहून जास्त प्रकारची मेदाम्लं सापडली आहेत!

सरळ आणि लांब शेपट्यांचे रेणू एकमेकांना चिकटून छान बसतात, म्हणून ते लवकर घट्ट होतात. वाकड्या किंवा आखूड शेपट्यांचे रेणू नीट बसत नाहीत, म्हणून ते पातळच राहतात. आता तुमच्या लक्षात आलं असेल, की हिवाळ्यातल्या साध्या दिवशी बरणीतलं तूप अर्धं घट्ट आणि अर्धं पातळ का असतं. घट्ट झालेला भाग म्हणजे दाणे आणि पातळ राहिलेला भाग म्हणजे त्या दाण्यांभोवतीचं तेल.

मैदानावरची तीन चित्रं

पण नुसतं घट्ट होणं पुरेसं नाही. घट्ट होताना रेणू कसे उभे राहतात, यावर सगळी मौज आहे. त्यासाठी शाळेच्या मैदानावर चला.

पहिलं चित्र : घंटा झाली. सगळी मुलं धावत आली आणि जिथं जागा मिळाली तिथं उभी राहिली. रांगा आहेत, पण सैल. कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे.

दुसरं चित्र : गुरुजी आले. "नीट उभे राहा" म्हणाले. रांगा सरळ झाल्या. दोन मुलांमधलं अंतर कमी झालं.

तिसरं चित्र : पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली. "सावधान!" खांद्याला खांदा लागला. आता त्यातून एखाद्याला बाहेर काढायचं तर चांगला जोर लावावा लागेल.

मुलं तीच, संख्याही तीच, फक्त उभं राहण्याची पद्धत बदलली. मेदाच्या स्फटिकांचंही अगदी असंच आहे. शास्त्रज्ञ या तीन रचनांना अल्फा, बीटा-प्राइम आणि बीटा म्हणतात. अल्फा ही सैल रचना. ती झटपट तयार होते आणि थोड्याशा उष्णतेनं मोडते. बीटा ही सगळ्यात दाट रचना. ती तयार व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की वितळवायला जास्त उष्णता लागते. बीटा-प्राइम या दोघांच्या मधली.

आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा. सैल रांगेतून घट्ट रांगेकडे स्फटिक आपोआप जाऊ शकतात. घट्ट रांग मात्र आपोआप सैल होत नाही. ती मोडायची तर मेद वितळवावाच लागतो.

एकाच चरबीचे तीन वितळणबिंदू

ही गोष्ट लोकांच्या ध्यानात कशी आली? १८५३ साली पॅट्रिक डफी नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं स्टिअरिन या घट्ट चरबीवर प्रयोग केले. मेणबत्त्यांसाठी वापरतात त्या जातीची ही चरबी. तुम्ही शाळेत शिकता, की शुद्ध पदार्थाचा वितळणबिंदू ठरलेला असतो. बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो, विषय संपला! पण डफीला या एकाच चरबीचे तीन वितळणबिंदू मिळाले : सुमारे ५२, ६४ आणि ७० अंश सेल्सिअस.

चरबी तीच, मग आकडे तीन कसे? कारण रांगा तीन प्रकारच्या! सैल रांग ५२ अंशांना मोडली, घट्ट रांग ७० अंशांपर्यंत टिकली. पुढे विसाव्या शतकात क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आत डोकावता आलं, तेव्हा या रांगा कशा आहेत हे नीट कळलं.

मग रवा पडतो कसा?

आता बरणीकडे परत येऊ. लोणी कढवलं, बेरी खाली बसली, तूप गाळून घेतलं. (बेरी साखर घालून कुणी खाल्ली, ते विचारणार नाही!) या गरम तुपात एकही स्फटिक नसतो. ते जसजसं निवतं, तसतसे काही रेणू एकत्र येऊन पहिलं बारीकसं बीज धरतात. मग इतर रेणू त्या बीजाला येऊन चिकटतात आणि दाणा वाढतो.

तूप एकदम थंड केलं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवलं किंवा फ्रिजमध्ये घातलं, तर काय होईल? एकाच वेळी लाखो बीजं पडतील. प्रत्येक बीजाच्या वाट्याला थोडेच रेणू येतील. दाणे इतके बारीक होतील, की जिभेला जाणवणारही नाहीत. तूप मऊ, लोण्यासारखं लागेल.

तेच तूप झाकून ठेवलं आणि हळूहळू निवू दिलं, तर बीजं कमी पडतात. प्रत्येक बीजाला वाढायला भरपूर वेळ आणि भरपूर रेणू मिळतात. रेणूंनाही नीट रांग लावायला सवड मिळते. मग टपोरे दाणे तयार होतात. साधारण २८ ते ३० अंशांच्या आसपास निवांत ठेवलेल्या तुपाला चांगला रवा येतो. शेतकरी दादा काय करतात? दाट पेरलेलं पीक विरळतात. रोपांना जागा मिळाली की कणीस भरतं. तुपाचंही तेच!

म्हशीच्या तुपाचा दाणा गाईच्या तुपापेक्षा सहसा मोठा असतो, कारण त्यात लवकर घट्ट होणारे मेद जास्त असतात. गाईच्या तुपाचा पिवळा रंग कॅरोटिनचा. म्हशीच्या दुधात कॅरोटिन जवळजवळ नसतंच, म्हणून तिचं तूप पांढरं दिसतं.

म्हणजे रवा कोण देतं? थोडा तुपातला मेद देतो आणि थोडा वेळ देतो. बाजारातल्या मावशीचं म्हणणं आठवा : "थंडी लय होती, पटकन थिजलं." मावशीनं शास्त्राचं पुस्तक वाचलं नसेल, पण तिचं कारण अगदी बरोबर आहे.

चॉकलेटवरची 'बुरशी'

आता तुमच्या आवडीचा पुरावा. मामा पुण्याहून येतो आणि चॉकलेट आणतो. एसटीच्या प्रवासात पिशवी तापते, चॉकलेट वितळतं, घरी आल्यावर पुन्हा घट्ट होतं. दोन-चार दिवसांनी कागद उघडावा तर वर पांढरट राखेसारखा थर! आई म्हणते, "बुरशी आली, फेकून दे." तुमचा चेहरा लगेच उतरतो.

चॉकलेटमध्ये कोको बटर नावाचा मेद असतो. तुपासारखी त्याची मोठी जत्रा नसते, त्यात मुख्यतः तीनच प्रकारचे रेणू असतात. पण रांगा लावण्यात ते फार हौशी! विल आणि लटन या दोघा शास्त्रज्ञांनी १९६६ साली कोको बटरच्या सहा स्फटिकरचना क्रमानं मांडल्या. पहिली सुमारे १७ अंशांना वितळते, चौथी सुमारे २७ अंशांना, पाचवी सुमारे ३४ अंशांना आणि सहावी सुमारे ३६ अंशांना.

चॉकलेट बनवणाऱ्याला यातली पाचवीच हवी असते. का? कारण ती हातात टिकते, मोडताना 'टक्' असा आवाज करते, वरून आरशासारखी चकाकते आणि तोंडातल्या उष्णतेनं लगेच विरघळते. ती मिळवण्यासाठी कारखान्यात काळं चॉकलेट आधी ४५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळवतात, मग ढवळत ढवळत २७-२८ अंशांपर्यंत निववतात आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत किंचित तापवतात. या शेवटच्या तापवण्यात कच्च्या रचना मोडून जातात आणि पाचवीची बीजं शिल्लक राहतात. कच्चे गडी बाद, पक्के गडी मैदानात!

एसटीत चॉकलेट वितळलं, तेव्हा ही सगळी मेहनत वाया गेली. पुन्हा घट्ट होताना सैल रचना तयार झाल्या. मग नियमाप्रमाणे त्या हळूहळू दाट रचनेकडे निघाल्या आणि तसं होताना पृष्ठभागावर मेदाचे बारीक बारीक स्फटिक उगवले. गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत झाला. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेनं परत येतो, म्हणून तो चकाकतो. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. बर्फाची लादी काचेसारखी पारदर्शक असते, पण किसून गोळा केला की पांढराशुभ्र होतो ना? तसंच!

न वितळताही, कित्येक महिने पडून राहिलेल्या चॉकलेटमध्ये पाचवी रचना सहावीकडे सरकते आणि तेव्हाही असा थर येतो. २०१५ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात, डेझी या संशोधन केंद्रात, प्रखर क्ष-किरणांनी चॉकलेटच्या आतलं निरीक्षण केलं गेलं. त्यात दिसलं, की पातळ मेद चॉकलेटमधल्या अतिशय बारीक छिद्रांतून आणि भेगांतून वाट काढत पसरतो.

हा थर म्हणजे बुरशी नव्हे आणि विषही नव्हे. ओळखायचा कसा? बोटानं हलकेच चोळा. मेदाचा थर असेल तर बोटाच्या उबेनं तो विरघळून नाहीसा होतो. खरखरीत लागला आणि विरघळला नाही, तर तो बहुधा साखरेचा : ओल लागली की साखर वर येऊन सुकते. पण कापसासारखे तंतू दिसले, हिरवट-काळे ठिपके दिसले किंवा खवट वास आला, तर मात्र चॉकलेट सरळ फेकून द्यायचं. तिथं हट्ट नको!

सरकीची करामत

आता आपल्या मातीतला पुरावा, आणि हा सगळ्यात मोठा आहे.

वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. आज वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचं राज्य आहे, पण एकेकाळी कारंज्यातून जाणारी 'शकुंतला' ही लहान रुळांची रेल्वे कापूस वाहण्यासाठीच घातली गेली होती. कापसातून रुई वेगळी काढली की उरते सरकी. ती सरकी आणि तिची ढेप गाई-म्हशींच्या पुढ्यात जाते. "सरकी घातली की दूध दाट येतं," असं गोठ्यातली माणसं सांगतात.

पण सरकी तुपाचा स्वभावही बदलते. गाई-म्हशींच्या शरीरात एक विकर असतं. ते काही सरळ शेपट्या वाकवून मेद मऊ करतं. सरकीच्या तेलातले काही घटक या विकराच्या कामात अडथळा आणतात. मग सरळ शेपट्या सरळच राहतात आणि तूप जास्त घट्ट, जास्त टणक होतं. शिवाय तुपातल्या लहान मेदाम्लांचं प्रमाणही घटतं. तूप तपासताना प्रयोगशाळा नेमकं हेच प्रमाण मोजायची. ते कमी आलं की शंका यायची, "भेसळ आहे!"

म्हणजे बघा, एखाद्या गवळ्यानं प्रामाणिकपणे म्हशीला सरकी चारली, प्रामाणिकपणे लोणी कढवलं, तरी कागदावर तो गुन्हेगार ठरला असता! म्हणून १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांत 'कापूस-पट्ट्या'साठी तुपाची वेगळी मोजपट्टी ठेवली होती. जिथं जनावरांना सरकी भरपूर खाऊ घालतात आणि राज्य सरकारनं तसं जाहीर केलं आहे, असा भाग म्हणजे कापूस-पट्टा. महाराष्ट्रातल्या अशा भागांची नोंद त्यात स्वतंत्र होती. पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो जुना कायदा बदलला. पण त्यातून शिकायचं ते शिल्लक आहेच : दोष देण्याआधी, जनावरानं काय खाल्लं आणि तूप कसं निवलं, हे विचारलं पाहिजे.

मग भेसळ ओळखायची कशी?

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठीही आहे. १९३७ साली डालडा हे वनस्पती तूप बाजारात आलं. पिवळा डबा आणि त्यावर नारळाचं झाड, आजी-आजोबांना विचारा, ते लगेच सांगतील. वनस्पती तूप म्हणजे तेलावर हायड्रोजनची क्रिया करून घट्ट केलेला मेद. लोकांना तुपासारखं वाटावं म्हणून त्यालाही मुद्दाम रवा आणत. कसा? भरलेले डबे बेतानं, हळूहळू निववून! म्हणजे ज्या रव्याला आपण शुद्धतेचा शिक्का समजतो, तो कारखान्यातही मारता येतो.

म्हणूनच सरकारनं एक युक्ती केली. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल मिसळायचा नियम केला. तिळाच्या तेलातला एक घटक तीव्र आम्ल आणि फरफ्युरल यांच्याशी मिळून लालसर रंग देतो. तुपात वनस्पती मिसळलं असेल, तर हा लाल रंग चोराची चुगली करतो. (ही परीक्षा प्रयोगशाळेतच करायची. घरी आम्लाला हात लावायचा नाही!) आता तर गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या यंत्रानं तुपातली मेदाम्लं एकेक करून मोजता येतात. आणि वनस्पती तुपातल्या ज्या ट्रान्स फॅटमुळे हृदयाला धोका असतो, त्याचं प्रमाण तेल-वनस्पतीत २ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम भारतात १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आहे.

थोडक्यात, रवा असला म्हणून तूप शुद्ध ठरत नाही आणि रवा नसला म्हणून भेसळीचं ठरत नाही. शंका आलीच तर प्रयोगशाळेकडे जावं, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. भर बाजारात कुणाच्या घामाच्या कमाईला नुसत्या डोळ्यांनी खोटं ठरवू नये.

करून पाहा!

हा प्रयोग पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात करा. उन्हाळ्यात आपल्याकडे तूप थिजतच नाही! तूप गरम करायचं काम मोठ्यांकडे द्या.

१) एकाच बरणीतलं तूप पूर्ण पातळ होईपर्यंत गरम करून घ्या. तीन सारख्या वाट्यांत ते थोडं थोडं ओता.

२) पहिली वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवून चमच्यानं सतत ढवळा. पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका.

३) दुसरी वाटी झाकून, जाड फडक्यात गुंडाळून रात्रभर हलवू नका.

४) तिसरी वाटी कोमट झाली की तिच्यात रवाळ तुपाचा हरभऱ्याएवढा कण टाका आणि तीही गुंडाळून ठेवा. हा कण म्हणजे दाण्यांसाठी 'विरजण'! दह्याचं विरजण जिवंत असतं, हे मात्र जिवंत नाही. हे फक्त रांग कशी लावायची ते दाखवतं.

५) सकाळी तिन्ही वाट्यांतलं तूप बोटावर घेऊन बघा. काळ्या पाटीवर चिमूटभर पसरून दाण्यांचा आकार ताडून पाहा. तुमची निरीक्षणं वहीत लिहा.

६) आता पहिली, मऊ तुपाची वाटी दुपारी खिडकीतल्या उन्हात अर्धवट वितळेपर्यंत ठेवा. मग झाकून रात्रभर तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी तिच्यात काय सापडलं?

तूप एकाच बरणीतलं, एकाच म्हशीचं, मग तीन वाट्या तीन तऱ्हेच्या का झाल्या, हे आता घरातल्या मोठ्यांना तुम्ही समजावून सांगा. आणि पुढच्या बाजारच्या दिवशी आईबरोबर तुपाच्या टोपलीपाशी उभे राहाल, तेव्हा आधी इतकंच विचारा : "मावशी, तूप कधी कढवलं? कसं निववलं? म्हशीले काय चारता?" बघा, मावशी किती खुलून सांगते ते!